तीन वाती, एक ओत

गोदावरीच्या दोन्ही काठांवर देवाशी घासाघीस करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण देवाच्या बाबतीत जवभरही खाली न उतरणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होऊन गेला, आणि तो माझा सासरा होता. हे मी छाती पुढे काढून सांगतो आणि थोडे दातओठ खाऊनही सांगतो. मी भांडीबाजारात बसणारा माणूस आहे. समोरच्याला बोलता बोलता खाली आणणं हाच माझा धंदा. येवल्याचे पैठणीवाले, मनमाडचे रेल्वेबाबू, पेठेकडून भात विकून हंडा घ्यायला आलेले डोंगरकरी, यांतला कोणीही माझ्या ओट्यावरून माझ्या भावाला आल्याशिवाय उठला नाही. मीही काही गादीवर जन्मलो नव्हतो. दुष्काळात मिशनच्या अनाथालयाच्या पायरीवर कोणीतरी ठेवून गेलेलं पोर मी. डोक्यावर हंडे घेऊन दारोदार फिरलो आणि दुकान उभं केलं. त्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे, बापाचं नाही, कारण ते मला ठाऊकच नाही. असा मी, कोणाच्या बापाला न भिणारा, एका काटकुळ्या शाळामास्तरापुढे मात्र आयुष्यभर हरत आलो.

शरणपूर ही आमची मिशनची वस्ती, आणि ती सगळी त्यांना मास्तर म्हणायची. मीही मास्तरच म्हणायचो, कारण मला पहिली अक्षरं त्यांनीच शिकवली होती. पुढे त्यांच्या मुलीशी लग्न झालं तरी दुसरी हाक तोंडात बसली नाही. त्यांनीही बसू दिली नाही. कोणी भेटलं की ते माझी ओळख करून देत, "हे आमच्या सगुणाचे यजमान." जावई म्हणून चुकूनही नाही. जणू सगुणेनं मला बाजारातून आणलं होतं आणि वस्तू टिकते की नाही याची त्यांना अजून खात्री पटायची होती.

मास्तर उंच होते, किडकिडीत होते. बारा महिने काळा कोट आणि बारा महिने छत्री. ती छत्री पावसासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त होती. फळ्यावर, नकाशावर, वेळप्रसंगी माणसाच्या छातीवर तिचं टोक टेकवून ते बोलत. आठवड्यातले पाच दिवस शाळा, आणि सुट्टी लागली की उपदेशक म्हणून डोंगरात. पण हे सगळं वरवरचं. आतून त्यांना एकच ध्यास होता, आणि तो म्हणजे त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे आणि तरी देव एकच. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही, कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही, आणि ज्या काळाला सुरुवातच नाही तेव्हापासून तसेच. आमच्या मंडळीतले बाकीचे लोक हे सारं रविवारी म्हणत आणि सोमवारी विसरत. मास्तर मात्र त्यात राहायचे, मासा पाण्यात राहतो तसे. फरक एवढाच की मासा पाण्याबद्दल कोणाशी भांडत नाही.

शेजारच्या टारगट मंडळींना हे माहीत होतं. कोणी मुद्दाम तीन केळी आणून द्यायचं, कोणी चहा तीन घोटांत पिऊन दाखवायचं. मास्तर भडकायचे. "त्रैक्य म्हणजे डझनाचा चौथा हिस्सा नव्हे!" असं म्हणून केळी परत करायचे. मग सगुणेची आई मागच्या दारानं जाऊन ती घेऊन यायची.

मी जसं भांडं घेताना त्याला टिचकी मारून पाहतो, तसे ते लोकांचे दृष्टान्त वाजवून पाहत. आणि त्यांच्या टिचकीला एकही टिकला नाही. एकदा नवे पाळकसाहेब आले. मोठ्या हौसेनं त्यांनी उपदेशात सांगितलं की पाणी, बर्फ आणि वाफ ही जशी एकाच पाण्याची तीन रूपं, तसंच त्रैक्य. उपासना संपली, मंडळी बाहेर पडली, आणि दारातच मास्तरांनी छत्री आडवी धरली.

"साहेब, पाण्याचा बर्फ झाला की पाणी उरत नाही. पुत्र यार्देन नदीत बाप्तिस्मा घेत होता, तेव्हा पिता कुठे गेला होता? वाफ होऊन?"

त्यानंतर वर्षभर पाळकसाहेबांनी चांगल्या शोमरोन्याच्या साध्या दाखल्याखेरीज दुसऱ्या कशावर उपदेश केला नाही.

माझ्या दुकानात त्र्यंबकचे एक भटजी पळी-पंचपात्र घ्यायला येत. मोठे हसतमुख गृहस्थ. मास्तर दिसले की ते मुद्दाम काडी लावत. "मास्तर, शेवटी आमच्या त्र्यंबकेश्वरासारखंच की हो तुमचं. ब्रह्मा, विष्णू, महेश!"

"नाही भटजी," मास्तर म्हणाले. "तुम्ही तिघांना कामं वाटून दिलीत. एकानं घडवायचं, एकानं पाळायचं, एकानं मोडायचं. आमचे तिघे जे करतात ते मिळून करतात."

"म्हणजे तुमच्याकडे माणसं जास्त आणि काम कमी!" भटजी म्हणाले, आणि दोघंही इतके हसले की माझी गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. पुढे कितीतरी वर्षं हे दोघे माझ्याच ओट्यावर, माझ्याच चहावर, तासन्‌तास बसत. एकमेकांचं एक अक्षर मान्य करत नसत, आणि एक जण आला नाही तर दुसरा उदास होऊन निघून जात असे.

पण मास्तर खरे कळतात ते पेठेच्या डोंगरातल्या गोष्टीत. एका उन्हाळ्यात ते तिकडच्या एका पाड्यावर गेले होते. एक म्हातारी चुलीशी भाकरी थापत होती. तिला त्रैक्य काय म्हणून सांगावं हे काही केल्या सुचेना, तेव्हा मास्तर म्हणाले, "आई, या चुलीचे दगड तीन, पण चूल एकच ना?" म्हातारीला एकदम पटलं. मास्तर खूश होऊन घरी आले. आणि इथे जेवायला बसल्यावर त्यांचा घास हातात तसाच राहिला. तीन दगड म्हणजे तीन दगडच. एक उचलला तर वेगळा निघतो, आणि चूल मांडायच्या आधीही ते रानात निरनिराळे पडलेले असतात. आपण त्या बाईला खोटा देव सांगून आलो, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे. मास्तर दुसऱ्या दिवशी निघाले. मोटार मिळाली तिथवर मोटारीनं, पुढे बैलगाडीनं, पुढे पायी, तो सगळा घाट चढून उतरून ते त्या पाड्यावर पोचले. म्हातारीपुढे उभे राहून म्हणाले, "आई, मी मागे सांगितलं ते चूक होतं. ते दगड मी परत घेतो."

म्हातारीनं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दगडं न्यायला आलास व्हय बाबा? मंग मी भाकर कशावर भाजू?"

ही गोष्ट मास्तर स्वतःच सांगत, आणि सांगताना आपल्यावरच हसत. पण गेले ते गेलेच होते. माझ्या बाजारात दिलेला शब्द टाळण्यासाठी माणसं गल्ली बदलतात. चुकीचा शब्द परत घ्यायला डोंगर ओलांडून जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता माझी तक्रार. मी सगुणेला मागणी घातली तेव्हा दुसरा बाप असता तर त्यानं दुकान विचारलं असतं, घर विचारलं असतं. त्या दोन्ही गोष्टी मी स्वतःच्या जोरावर मिळवल्या होत्या आणि त्या सांगायला मी नवा कोट घालून गेलो होतो. मास्तरांनी मला बसवलं आणि विचारलं, "पुत्र नव्हता अशी कधी वेळ होती का?"

मी धंदेवाईक माणूस. म्हणालो, "असणारच की. बाप आधी, मुलगा मागून. जगाची रीतच आहे."

आठ महिने लग्न लांबलं! आठ महिन्यांनी सगुणेनं माजघराच्या खिडकीतून मला उत्तर शिकवलं, मी ते घोकलं आणि जाऊन म्हणून दाखवलं. नव्हता अशी वेळ कधीच नव्हती. पिता आहे तेव्हापासून पुत्र आहे, आणि पिता सदाचाच आहे. मास्तरांनी मान हलवली. "पाठ झालंय," ते म्हणाले. "कळलं नाहीये. पण पोरगी माझ्याकडे बघत नाही चार दिवस झाले, म्हणून हो म्हणतो." लग्न झालं, पण ते "पाठ झालंय, कळलं नाहीये" माझ्या काळजात काट्यासारखं बसलं. ज्यानं सगळं स्वतः कमावलं त्याला बायको तेवढी दयेनं मिळाली, हे मला सोसवेना.

म्हणून तिसाव्या सालची मंदी ओसरून धंद्यानं जरा उभारी धरली तेव्हा मी ठरवलं, असं काही करायचं की मास्तरांच्या तोंडून चार माणसांत "आमचा जावई" निघालं पाहिजे. मी आमच्या ख्रिस्ती देवळासाठी समई करवली. साधी नव्हे, पुरुषभर उंच, तीन फांद्यांची. फांद्यांवर द्राक्षाचे वेल, कारण शास्त्रात द्राक्षवेल आहे आणि नाशकातही आहे. मधली फांदी पित्याची म्हणून दोन बोटं उंच ठेवली. त्रैक्याच्या रविवारी ती वेदीपाशी उभी केली तेव्हा बायाबापड्या तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. सगुणा नवं लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसली होती. माझी मान इतकी ताठ झाली होती की मला माझे जोडे दिसत नव्हते.

उपासनेनंतर मास्तर पुढे गेले. समईभोवती एक फेरी घातली. मग छत्री बगलेत धरली, डावी फांदी दोन्ही हातांनी पकडली आणि फिरवली. आता समई कुठलीही असो, ती तुकड्यांत करतात आणि आटे पाडून एकमेकांत बसवतात. बाजारात सगळ्यांची तशीच असते. चार फेरे झाले आणि फांदी मास्तरांच्या हातात आली.

"हा पुत्र सुटा निघतो," ते म्हणाले आणि ती फांदी माझ्या हातात दिली.

मंडळी हसली. पाळकसाहेबसुद्धा रुमालात हसले. त्या यार्देनेच्या प्रश्नापासून ते वाटच पाहत असतील. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही, आणि देवळात बोलण्याजोगं तर मुळीच नव्हतं. समई खांद्यावर टाकून मी भर दुपारी शरणपुरातून बाजारापर्यंत चालत आलो. रस्त्यात कोणी विचारलं तर त्यालाही बोलून घेतलं.

तीन दिवस मास्तरांकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी तेच छत्री घेऊन दुकानात आले. मी पाठ फिरवून तांबे मांडत बसलो.

"अहो दुकानदार," ते म्हणाले. रागावले किंवा चुकले की ते मला अहो म्हणत. "समई सगळ्यांदेखत उघडायला नको होती. ते माझं चुकलं. पण समईही चुकलीच आहे. एका ओतात करा, कुठे जोड नको."

"एका ओतात एवढी समई होत नाही."

"आणि मधली फांदी खाली आणा."

इथे माझ्यातला बाजार जागा झाला. मी वळलो. "जोड काढतो. पण बापाला दोन बोटं उंच ठेवू द्या."

"नाही."

"बरं, एक बोट. बाप आहे शेवटी!"

"नाही."

"अर्धं! अर्ध्या बोटानं कोणाचं काय जातं? लांबून दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नसेल तर हवं कशाला?"

"जवाएवढं, मास्तर! एका जवाएवढं! दुकानात कोणी आलं तर मी त्याला एवढ्यानं नाराज करत नाही!"

"जवाएवढा मोठा पिता म्हणजे जवाएवढा कमी पुत्र," मास्तर म्हणाले. "आणि जो जवभर कमी, तो देवच नव्हे."

माझं डोकं फिरलं. तांब्या आपटून मी ओरडलो, "ज्याला बापच नव्हता त्याला तुम्ही काय बापलेक शिकवता? तो पायरीवर ठेवून गेला मला! माझा बाप मी होतो आणि माझा मुलगाही मीच!"

बाजार थांबला.  मास्तर माझ्या शेजारी गोणपाटावर बसले. छत्री आडवी ठेवली.

"म्हणून तुला उंच बाप हवा होता होय," ते अहो सोडून हळूच म्हणाले. "माझ्या ध्यानात नाही आलं." मग म्हणाले, "हे बघ. तुम्हा-आम्हाला बाप होतो, आणि मग तो जातो. सगुणा झाली त्या दिवशी मी बाप झालो. आदल्या दिवशी मी नुसता मास्तर होतो. देवाचं तसं नाही. तो बाप झालेला नाही. तो आहेच बाप. आणि मुलाशिवाय बाप कसा असेल? म्हणजे ज्याला कोणी पायरीवर ठेवून गेलं नाही असा एक पुत्र आहे, आणि जो कधी कोणाला पायरीवर ठेवून गेला नाही असा एक बाप आहे. तुझ्यामाझ्या आधीपासून. सुरुवातीच्या आधीपासून. तेवढ्याचसाठी मी भांडतो बाबा. अर्ध्या बोटासाठी नाही."

 तिन्ही फांद्या सारख्या करायच्या असं मी ठरवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, समोरच्यानं जवभरही न सोडता, सौदा तुटला नाही.

कथडा नावाच्या मोहल्ल्यात इब्राहिमचाचा म्हणून ओतारी होते, पितळेच्या ओतकामात अख्ख्या शहरात त्यांच्यासारखा हात नव्हता. त्यांनी मेणाचा नमुना पाहिला आणि कपाळावर हात मारला. "सेठ, तीन डहाळ्या एकाच घासात? पितळ थंड होईल ना वाटेतच." तरी त्यांनी मेणावर माती चढवली, भाजून मेण काढून टाकलं आणि पोकळीत पितळ ओतलं. पहिल्या वेळी तिसरी फांदी अर्धीच भरली. "तिसरी भूकी रह गई," चाचा म्हणाले. दुसऱ्या वेळी साचाच फुटला. मास्तर रोज शाळा सुटली की येऊन एका पिंपावर बसत. चाचा आणि ते भांडत, अर्थात देवावरून.

"मास्तर, अल्ला एक. बस. एक काफी है. तुम्ही कशाला एवढी मेहनत घेता?"

"आमचाही एकच आहे, चाचा."

"मग या तीन वाती?"

तिसऱ्या वेळी चाचांनी मूस तापवली आणि देवाचा वाद बाजूला ठेवला. पितळ पांढरंफेक झाल्यावर त्यांनी एका दमात ते बुंध्यातून ओतलं. दुसऱ्या दिवशी माती फोडली. तिन्ही फांद्या काठोकाठ भरलेल्या होत्या, कुठे जोड नाही, कुठे आटा नाही, एकच तेलाची वाट तिन्ही वातींना पोचणारी. चाचांनी टिचकी मारली. बराच वेळ आवाज घुमला.

"तीन मुंह, एक ओत," चाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले. "मास्तर, समझ गया. मानता नहीं. मगर समझ गया."

मी मास्तरांकडे पाहिलं. आता तरी! "काय मास्तर? दिसलं का त्रैक्य?"

मास्तरांनी समईभोवती फेरी घातली. प्रत्येक फांदी धरून फिरवून पाहिली. एकही हलली नाही. उंचीला छत्री लावून पाहिली. मग म्हणाले, "नाही. हा दिवा आहे."

"आता काय राहिलं!"

"तेल संपलं की विझेल. देवाला तेल घालावं लागत नाही. आणि याला सुरुवात आहे. काल दुपारी झाला. मी स्वतः इथे पिंपावर बसलो होतो." आणि माझं तोंड पाहून त्यांनी जोडलं, "दिवा म्हणून ठीक आहे."

दिवा म्हणून ठीक आहे! सगुणा घरी म्हणाली, "त्यांच्या तोंडून ठीक आहे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आरती. जेवा आता." पण मी मनात धरून ठेवलं. समई देवळात लागली, मंडळीनं कौतुक केलं, माझ्याकडे तशीच समई मागायला मनमाडहून लोक आले. मी कोणाला करून दिली नाही. आणि मास्तर मात्र त्यानंतरही दर ओळखीत "सगुणाचे यजमान" म्हणत राहिले.

पुढे ते थकले. शाळा सुटली, डोंगर सुटला, शेवटी छत्रीच काठी झाली. देवळात विजेचे दिवे आले, तरी रविवारी समई लावायचं काम मी सोडलं नाही, आणि मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या बाकावर बसायचं सोडत नव्हते. एका रविवारी पुण्याहून कोणी पाहुणे पाद्रीसाहेब आले. समईपाशी थबकले, फांदी धरून पाहिली आणि म्हणाले, "कुठे जोडच नाही हो. कुठलं काम हे?"

मी खांबामागे तेलाचं भांडं घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता मास्तर सांगतील: कथड्यावरचे इब्राहिमचाचा, ओताची ती मंगळवारची दुपार, पिंप, सगळं नेमकं. शब्दाला शब्द लावून. मास्तरांनी छत्री उचलली आणि समईकडे केली.

"आमच्या घरचं काम आहे," ते म्हणाले. "आमच्या मुलाचं."

माझ्या हातातलं तेल सांडलं. घरचं कुठलं, ते कथड्यावरचं होतं. मुलगा कुठला, त्यांना एक सगुणाच. मास्तरांच्या मापानं एका वाक्यात दोन चुका. मी कोणालाच काही बोललो नाही, सगुणेलासुद्धा नाही. पण मला मास्तर ठाऊक होते. घरी जाऊन जेवायला बसतील, घास हातात राहील आणि छत्री टेकत टेकत दुकानात येऊन म्हणतील, "मी परवा बोललो ते चूक होतं. ते शब्द परत घेतो." दुसऱ्या दिवशी मी ओटा झाडून गोणपाट घालून ठेवलं. तिसऱ्या दिवशीही ठेवलं. महिना गेला, पावसाळा गेला, आणि त्या थंडीत मास्तरही गेले. तीन दगड परत घेण्यासाठी ज्या माणसानं पेठेचा घाट ओलांडला, तो शरणपुरापासून भांडीबाजारापर्यंत काही आला नाही.